निकालाची गोष्ट : पाचवी ते सातवीच्या वर्गात कोर्ट कसं आणायचं?



‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्याचा परिणाम असा की कोर्ट म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर फक्त सिनेमातला काळा कोट, हातोडा आणि ‘ऑर्डर, ऑर्डर’ येतं. दुसऱ्या बाजूला हीच मुलं रोज परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणतात. २६ जानेवारी २०२० पासून आपल्या राज्यातल्या शाळांत उद्देशिकेचं वाचन सुरू झालं, आणि पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीलाही ती छापलेली असते. मुलांची उद्देशिका तोंडपाठ आहे. पण ‘न्याय’ म्हणजे काय रे, असं विचारलं तर वर्ग एकमेकांकडे बघतो.

पाठ असणं आणि समजणं यांतलं हे अंतर कमी करायला मला सगळ्यात उपयोगी पडले ते न्यायालयांचे निकाल. हो, निकालच! कलमांची यादी मुलांच्या डोक्यावरून जाते, पण निकाल ही मुळात एक गोष्ट असते. त्यात माणसं असतात, भांडण असतं, दोन्ही बाजूंचं म्हणणं असतं, ‘आता काय होणार?’ ही उत्सुकता असते आणि शेवटही असतो. शिवाय हा शेवट कारणासकट लिहिलेला असतो. ‘तू चूक, तो बरोबर’ एवढं म्हणून न्यायाधीशाला उठता येत नाही, ‘का’ ते लिहावं लागतं. मुलांना नेमकं हेच शिकवायचंय ना आपल्याला?

मी कल्याणला पाचवी ते सातवीच्या वर्गांना शिकवते. वर्गात चाळीतली, वस्तीतली, सोसायटीतली अशी सगळी मुलं आहेत. त्यांच्यासोबत घेतलेले तीन निकाल आणि ते घेण्याची पद्धत इथे देते आहे. सातवीचं नागरिकशास्त्र पूर्ण संविधानावरच आहे, त्यामुळे तिथे हे थेट जोडता येतं. पाचवी-सहावीला परिसर अभ्यास, भाषा आणि गणिताच्या तासातही बसवता येतं.

आधी पद्धत : पाच चौकटी

फळ्यावर किंवा कार्डशीटवर पाच चौकटी आखायच्या. कुठलाही निकाल असो, तो याच चौकटींत भरायचा.

१) कोण विरुद्ध कोण?
२) काय घडलं? (फक्त घटना. ‘वाईट’, ‘दुष्ट’ असे शब्द इथे चालणार नाहीत.)
३) कोर्टापुढचा प्रश्न काय? (एकाच वाक्यात, शेवटी प्रश्नचिन्ह हवंच.)
४) दोन्ही बाजू काय म्हणाल्या?
५) निकाल काय आणि त्याचं कारण काय?

सगळ्यात अवघड चौकट तिसरी. मुलं घटना पटकन सांगतात, निकालाचा अंदाजही बांधतात, पण ‘प्रश्न नेमका काय होता?’ हे एका वाक्यात सांगायला वेळ घेतात. तो वेळ द्या. भांडण आणि प्रश्न वेगळे करता आले की अर्धं काम झालं. भाषेच्या दृष्टीनेही हा सारांशलेखनाचा उत्तम सराव आहे.

गोष्ट पहिली : चवदार तळे आणि ठाण्याचं कोर्ट

महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट आपण दरवर्षी सांगतो. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. बहुतेक वेळा आपली गोष्ट इथेच संपते. पण त्यानंतर नऊ वर्षांहून अधिक काळ या तळ्याचा दावा कोर्टात चालला होता, आणि त्यातला एक टप्पा आपल्या ठाण्यात झाला होता, हे फार थोड्यांना माहीत असतं.

मुलांना मी अशी सांगते :

१९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला. सरकारी पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सगळ्यांसाठी खुले असावेत, असा तो ठराव होता आणि तो मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही आपलं तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं! पण प्रत्यक्षात अस्पृश्य मानलेल्या लोकांना कुणी पाण्याला हात लावू देईना. गुराढोरांना मात्र मज्जाव नव्हता. म्हणून १९२७ चा सत्याग्रह झाला.

सत्याग्रहानंतर गावातल्या काही सवर्ण मंडळींनी तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा त्यांनी महाडच्या कोर्टात दावा लावला. तळं आमचं आहे, ते वापरण्याचा हक्क फक्त आमचा आहे, असं त्यांचं म्हणणं. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंत तळ्यावर जायचं नाही.

इथे मी थांबते आणि विचारते, “हजारो माणसं महाडला जमली आहेत. ठराव आपल्या बाजूने आहे. पण कोर्टाने थांबा म्हटलंय. तुम्ही बाबासाहेबांच्या जागी असतात तर काय केलं असतं?”

वर्गात अक्षरशः दोन तट पडतात. “जायचंच! ठराव आहे ना!” असं अर्धा वर्ग. “कोर्टाचं ऐकलं नाही तर मग आपलं म्हणणं कोर्ट कसं ऐकेल?” असं बाकीचे. ही चर्चा दहा मिनिटं होऊ द्या. मग सांगा की बाबासाहेबांनी तळ्यावर जाणं पुढे ढकललं आणि लढाई कोर्टात लढायचं ठरवलं.

१९३१ मध्ये महाडच्या कोर्टाचा निकाल लागला. दावा लावणारे हरले. त्यांनी वरच्या कोर्टात अपील केलं, ते ठाण्याला. १९३३ मध्ये ठाण्याच्या सहायक न्यायाधीशांनी महाडचाच निकाल कायम केला. मग ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ ला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांच्या खंडपीठाने अपील फेटाळलं. ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ या नावाने हा निकाल प्रसिद्ध आहे. (जाता जाता मुलांना आवडणारी एक माहिती : हेच ब्रूमफील्ड १९२२ मध्ये अहमदाबादला जिल्हा न्यायाधीश होते आणि गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा त्यांनीच सुनावली होती.)

गणिताचा एक प्रश्न इथे हमखास घ्या. २० मार्च १९२७ पासून १७ मार्च १९३७ पर्यंत किती काळ? उत्तर आलं की वर्ग चमकतो : १० वर्षांना ३ दिवस कमी! एक ओंजळ पाण्यासाठी.

कारण काय दिलं कोर्टाने?

पाचवी चौकट इथे खरी रंगते. मुलांना वाटतं, कोर्ट म्हणालं असणार की सगळी माणसं समान आहेत, म्हणून तळं सगळ्यांचं. पण तसं नाही! तेव्हा संविधान नव्हतं. समानतेचं कलम नव्हतं. मग कोर्टाने काय पाहिलं?

पहिलं, तळं कुणाच्या मालकीचं? दावा लावणाऱ्यांचं नाही, नगरपालिकेचं. मग उरली वहिवाट. ‘अनादी काळापासून हे पाणी फक्त आम्हीच वापरत आलो, तीच इथली रूढी आहे,’ असं त्यांचं म्हणणं होतं. कोर्ट म्हणालं, रूढी अनादी काळापासून आहे हे सिद्ध करा. ते त्यांना करता आलं नाही. तळ्याभोवती सवर्णांची घरं उभी राहिली त्याच्या आधी तिथे कुणी कुणाला अडवायला गेलं असेल, असं मानायला आधार काय, असा तो विचार होता. थोड्या वर्षांची सवय आणि पुराव्याने सिद्ध झालेली अनादी रूढी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘आमच्याकडे पहिल्यापासून असंच चालतं’ हे वाक्य मुलं घरी, शाळेत, मैदानावर रोज ऐकतात. “पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? पुरावा काय?” हा प्रश्न त्यांना या निकालातून मिळतो. नंतर ते तो आपल्यालाही विचारतात, त्याची तयारी ठेवा!

आणि मग संविधान उघडायचं. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, हे पुस्तकात आहेच. पण कलम १५ चा दुसरा भाग वर्गात मोठ्याने वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही दुकानं, उपाहारगृहं यांत जाण्यापासून आणि सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते वापरण्यापासून अडवता येणार नाही, असं त्यात आहे. “तलाव” हा शब्द आला की थांबा. मुलंच ओरडतात, “मॅडम, चवदार तळं!” देशाच्या संविधानात विहीर आणि तलाव हे शब्द का आले असतील, हे त्यांना न सांगता कळतं. मासुंदा तलावाच्या पाळीवर भेळ खाताना किंवा कल्याणच्या काळा तलावाला चक्कर मारताना हे शब्द त्यांना आठवावेत, एवढीच इच्छा. ठाण्याला आपण तलावांचं शहर म्हणतो. तलावाच्या या दाव्यात ठाण्याच्या कोर्टाचाही वाटा आहे, हे आपल्या मुलांना माहीत असायलाच हवं.

वर्गातला खटला : कृती

साहित्य : जुन्या वह्यांचे पुठ्ठे, स्केचपेन, चिठ्ठ्या. वेळ : दोन तासिका.

वर्गाचे तीन गट करा : वादी, प्रतिवादी आणि न्यायाधीश (तीन किंवा पाच मुलं). एक लेखनिक, एक वेळ सांगणारा. कोण कुठल्या गटात हे चिठ्ठीने ठरवा. पुठ्ठ्यांवर ‘पुरावा पत्ते’ लिहा : ‘नगरपालिकेचा १९२४ चा ठराव’, ‘तळ्याभोवतीचे रस्ते नगरपालिकेचे’, ‘आमचे आजोबाही असंच सांगायचे’, ‘भोवतालची घरं नंतर उभी राहिली’. प्रत्येक मुद्द्यासोबत एक पत्ता टेबलावर ठेवायचा. पत्ता नसेल तर मुद्दा बाद! न्यायाधीशांनी निकाल लिहिताना ‘कारण’ या शब्दापासून किमान तीन वाक्यं लिहायची. दुसऱ्या दिवशी बाजू बदलायच्या.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. कुणालाही ‘सवर्ण’ किंवा ‘अस्पृश्य’ व्हायला लावू नका. मुलांनी वकील व्हायचं, न्यायाधीश व्हायचं, लेखनिक व्हायचं. अपमान सोसणाऱ्याची भूमिका कुणी करायची नाही. आपल्या वर्गात कुणाच्या घरी काय सोसलं गेलंय, हे आपल्याला माहीत नसतं. गंमत खटल्याच्या खेळात असावी, कुणाच्या दुःखात नसावी.

आणि मग लिफ्टचा प्रश्न आला

हा खटला झाल्यावर मी सहावी चौकट जोडते : ‘आज आपल्याकडे?’ मागे एकदा याच चौकटीत एक मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, माझी आई ज्या बिल्डिंगमध्ये कामाला जाते तिथे तिला मोठ्या लिफ्टने जाऊ देत नाहीत. कामवाल्यांची लिफ्ट वेगळी आहे. ते चवदार तळ्यासारखंच आहे का?”

वर्ग एकदम शांत झाला. त्या वर्गात अशा इमारतींत राहणारी मुलंही होती. त्यांच्यातलाच एक म्हणाला, “पण लिफ्ट सोसायटीची स्वतःची असते. मेन्टेनन्स आम्ही भरतो.” मागून आवाज आला, “तळंपण आमचंच आहे असं म्हणत होते ना ते!” तिसरा म्हणाला, “नियम लिहिलेला आहे का कुठे? की नुसती पाटी आहे?”

मी हो किंवा नाही असं उत्तर दिलं नाही, आणि ते देणं बरोबरही झालं नसतं. पाच चौकटी पुन्हा फळ्यावर आखल्या आणि मुलांना सांगितलं की कलम १५ च्या यादीत दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते आहेत. खासगी सोसायटीची लिफ्ट त्यात नावाने लिहिलेली नाही. पण कलम १७ प्रत्येकाला लागू आहे, सरकारलाही आणि माणसांनाही. कुणाला जातीमुळे अडवलं असेल तर ती अस्पृश्यता आहे आणि तो गुन्हा आहे. कामामुळे अडवलं असेल तर प्रश्न वेगळा होतो, आणि ‘का?’ हे नियम करणाऱ्याला विचारावं लागतं. सामान वर न्यायचं म्हणून वेगळी लिफ्ट ठेवणं आणि माणूस नको म्हणून वेगळी लिफ्ट ठेवणं यांत फरक आहे.

शेवटी त्या मुलीने तिसऱ्या चौकटीत लिहिलं : ‘रिकाम्या हाताने वर जाणाऱ्या माणसाला कामावरून वेगळ्या लिफ्टने पाठवता येतं का?’ एवढा नेमका प्रश्न मोठ्या माणसांच्या चर्चेतही कमी ऐकायला मिळतो. उत्तरापेक्षा तिला त्या दिवशी एक गोष्ट मिळाली : आपला प्रश्न रडण्याचा नाही, विचारण्याचा आहे. मी तिच्या आईचा विषय पुढे वाढवला नाही, कुठली इमारत तेही विचारलं नाही. चर्चा प्रश्नावरच ठेवली. तुमच्या वर्गात असं काही निघालं तर तुम्हीही तसंच करा.

गोष्ट दुसरी : गप्प उभी राहिलेली तीन भावंडं

ही गोष्ट केरळातल्या एका शाळेतली आहे, त्यामुळे मुलं लगेच कान टवकारतात. दहावी, नववी आणि पाचवीत शिकणारी तीन भावंडं. शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं की ती इतरांसारखीच आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत. आपल्या धर्मश्रद्धेनुसार फक्त देवाचीच प्रार्थना म्हणायची, असं ती मानत. कुणाला त्रास नाही, गडबड नाही. १९८५ मध्ये एका आमदारांच्या हे लक्षात आलं, विधानसभेत प्रश्न विचारला गेला आणि जुलै १९८५ मध्ये मुलांना शाळेतून काढलं गेलं. केरळ उच्च न्यायालयातही त्यांच्या बाजूने निकाल लागला नाही.

इथे थांबून विचारा, “तुम्ही न्यायाधीश. काय निकाल द्याल?” आणि हात वर करायला सांगा. माझ्या अनुभवात बहुतेक हात ‘काढलं ते बरोबर’ याच बाजूने वर जातात. जाऊ द्या! मुलांना राष्ट्रगीताबद्दल प्रेम आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. मग दुसरा प्रश्न विचारा : “राष्ट्रगीताचा अपमान म्हणजे नेमकं काय? यादी करा.” मुलं लिहितात : बोलणं, हसणं, बसून राहणं, चालत राहणं, दुसऱ्याला गाऊ न देणं. आता विचारा, “या यादीतलं त्या तिघांनी काय केलं?” वर्ग पुन्हा यादी वाचतो. आणि काही हात हळूहळू खाली येतात.

११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. तो बिजो इमॅन्युएल खटला म्हणून ओळखला जातो. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिलेल्या निकालाचं कारण थोडक्यात असं : राष्ट्रगीत गायलंच पाहिजे अशी सक्ती करणारा कुठलाही कायदा नाही. १९७१ चा कायदा राष्ट्रगीत गाण्यापासून अडवणाऱ्याला किंवा गाणाऱ्यांत व्यत्यय आणणाऱ्याला शिक्षा देतो. ही मुलं आदराने उभी होती, म्हणजे त्यांनी मान राखलाच. अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य (कलम १९) आणि धर्मस्वातंत्र्य (कलम २५) त्यांनाही आहे. त्यांना शाळेत परत घ्या.

या गोष्टीतून दोन मुद्दे मुलांपर्यंत पोचतात. एक, कोर्ट म्हणजे हात वर करून मतदान नव्हे. वर्गमंत्री निवडताना ज्याला जास्त मतं तो जिंकतो. पण तिघांचा हक्क राहणार की जाणार, हे तीनशे जणांना काय आवडतं यावर ठरत नाही. दोन, राग आला तरी आधी ‘नियम नेमका काय म्हणतो?’ ते वाचायचं. आणि हे वर्गात स्पष्ट सांगा : आपल्या शाळेत आपण राष्ट्रगीत मान ताठ ठेवून, मनापासून गाणारच आहोत. हा निकाल न गाण्याची सवलत मागायला शिकवत नाही, गप्प उभ्या असलेल्या मुलाला समजून घ्यायला शिकवतो.

गोष्ट तिसरी : स्टेशनबाहेरचा भाजीवाला

डोंबिवली, कल्याण, ठाणे इथल्या मुलांना वेगळं सांगायला नको. संध्याकाळी स्टेशनमधून बाहेर पडताना भाजी, फुलं, मोबाईलची कव्हरं आणि त्यातून वाट काढणारी माणसं. या गोष्टीत कुणीच खलनायक नाही, म्हणून ती सर्वांत अवघड आणि सर्वांत चांगली.

फेरीवाला म्हणतो, पोटासाठी धंदा करण्याचा मला हक्क आहे. बरोबर आहे. कलम १९ मध्ये व्यवसायाचं स्वातंत्र्य आहे, आणि १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रस्त्यावरचा व्यवसायही त्यात येतो, पण वाजवी बंधनांसह. चालणारा म्हणतो, रस्ता चालण्यासाठी आहे. तेही बरोबर. मग २०१४ मध्ये फेरीवाल्यांच्या उपजीविकेचं संरक्षण आणि नियमन करणारा कायदा आला. शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचेच असावेत, असं त्यात आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसं गेली आणि स्टेशनभोवतीच्या गर्दीचा प्रश्न ऐरणीवर आला. १ नोव्हेंबर २०१७ ला मुंबईतल्या फेरीवाल्यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने सांगितलं की रेल्वे स्टेशनपासून १५० मीटर आणि शाळा, रुग्णालयं, प्रार्थनास्थळांपासून १०० मीटरच्या आत फेरीवाल्यांनी बसू नये.

आता गणित! १०० मीटर म्हणजे किती? मीटर टेपने शाळेचा व्हरांडा मोजा, तसे किती व्हरांडे म्हणजे १०० मीटर ते काढा, मग शाळेच्या फाटकापासून पावलं मोजत तेवढं अंतर चाला. ज्या मुलाचे बाबा शाळेबाहेर पेरू विकतात तोही याच रांगेत चालत असतो, हे विसरू नका. म्हणून पुढचा प्रश्न विचारा : “मग त्यांनी कुठे बसावं? नकाशावर जागा दाखवा.” मुलांचे गट नकाशा काढतात. ‘इथे बसू नका’ म्हणणं सोपं असतं. ‘इथे बसा’ म्हणताना खरा विचार करावा लागतो. न्याय दोन्ही बाजूंना द्यायचा म्हणजे काय, हे या नकाशातून जितकं कळतं तितकं माझ्या व्याख्यानातून कळलं नसतं.

बातमीतलं कोर्ट : तीन डबे

ही कृती पालकही घरी करू शकतात. महिनाभर वर्तमानपत्रातल्या कोर्टाच्या बातम्यांची कात्रणं जमवा. तीन डबे ठेवा :

पहिला डबा ‘बोललं’ : सुनावणीच्या वेळी न्यायाधीशांनी तोंडी केलेली टिप्पणी. ‘न्यायालयाने फटकारले’, ‘न्यायालयाचा सवाल’ अशा मथळ्यांच्या बऱ्याच बातम्या यात जातात. तो निकाल नसतो.

दुसरा डबा ‘थांबवलं’ : स्थगिती, मनाई हुकूम, अंतरिम आदेश. हे पुढच्या आदेशापर्यंत किंवा निकालापर्यंतचं असतं. १९२७ चा महाडचा हुकूम याच डब्यातला.

तिसरा डबा ‘ठरवलं’ : अंतिम निकाल. त्यावरही अपील होऊ शकतं.

एकदा ही सवय लागली की मोबाईलवर फिरणारे ‘कोर्टाचा ऐतिहासिक निर्णय!’ असले मेसेज मुलं स्वतःच तपासतात. आजोबांना “आजोबा, हे नुसतं बोललंय, ठरवलेलं नाही” असं सांगणारी मुलं माझ्या वर्गात आहेत!

हे जपा

• सध्या चालू असलेला आणि घराघरात वाद होणारा खटला प्राथमिकच्या वर्गात घेऊ नका. जुना, संपलेला निकाल घ्या.
• निकाल शिकवताना कुठल्याही पक्षाचं, समाजाचं नाव घेऊन टोमणा नको. चौकट दोनमध्ये फक्त घटना.
• न्यायाधीशांच्या निकालाशी मुलाने असहमती दाखवली तर थांबवू नका, कारण विचारा. चवदार तळ्याच्या दाव्यात दोनदा अपील झालंच होतं.
• कायद्याचा सल्ला देऊ नका. कुणाच्या घरचा खरा प्रश्न निघाला तर पालकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची माहिती द्या. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते.
• संविधानाची मराठी प्रत वर्गात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांचे मराठी अनुवादही न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. मुलांना अख्खा निकाल देऊ नका, एक पान पुरे.

पालकांसाठी दोन शब्द

“मुलांना आत्तापासून हक्क शिकवले की ती उलट बोलायला लागतात,” अशी काळजी काही पालक बोलून दाखवतात. काळजी खोटी नाही. पण पाच चौकटींतली चौथी चौकट पाहा : दोन्ही बाजू काय म्हणाल्या? भावाबहिणीचं टीव्हीच्या रिमोटवरून भांडण झालं की एकदा ही चौकट भरून घ्या. दुसऱ्याची बाजू आपल्या तोंडाने सांगावी लागली की आवाज आपोआप खाली येतो. उलट बोलणं आणि कारण मागणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मी सांगते म्हणून’ याऐवजी आपणही कधीतरी ‘कारण…’ ने वाक्य सुरू करून पाहू या.

नियोजन

पहिला आठवडा : पाच चौकटींची ओळख, त्याही वर्गातल्याच एखाद्या भांडणावर (बाकावर कोण बसणार, वगैरे). दुसरा आठवडा : चवदार तळे, दोन तासिका. तिसरा : तीन भावंडं, एक तासिका. चौथा : फेरीवाले आणि नकाशा, दोन तासिका. बातम्यांचे तीन डबे महिनाभर चालू. हे सगळं नोव्हेंबरच्या सुरुवातीला धरलं तर महिनाअखेरीस २६ नोव्हेंबर, संविधान दिन येतो. त्या दिवशी भाषणांऐवजी मुलांनी भरलेल्या चौकटी भिंतीवर लावा आणि पालकांना वाचायला बोलवा.

मूल्यमापनासाठी मी एकच प्रश्न ठेवते : ‘तुला न पटलेल्या बाजूचं म्हणणं तीन वाक्यांत लिही.’ जे मूल हे प्रामाणिकपणे लिहू शकतं, त्याला संविधानातला ‘न्याय’ हा शब्द समजायला लागलाय असं मी मानते.

आपल्या वर्गात करून पाहा. तुमच्या तालुक्यातला, गावातला एखादा जुना निकाल मुलांच्या गोष्टीत बसण्यासारखा असेल तर नक्की कळवा. पुढच्या वर्षी तोही घेऊ.